आयसीवरील सक्रिय मायक्रोवेव्ह फिल्टर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सक्रिय फिल्टर म्हणजे ट्रान्झिस्टरच्या मदतीने हवा तो वारंवारतेचा पट्टा निवडणारं सर्किट. खालच्या बहुतेक उत्तरांत एकच उदाहरण पुन्हा पुन्हा येतं : सीमॉस चिप, केंद्र वारंवारता ५ गिगाहर्ट्झ, बँडविड्थ १०० मेगाहर्ट्झ, म्हणजे २ टक्के. टँकमध्ये (इंडक्टर आणि कपॅसिटर मिळून होणाऱ्या रेझोनन्सच्या सर्किटमध्ये) २ नॅनोहेन्रीचा डिफरेन्शियल इंडक्टर आणि त्याच्याशी जुळणारा ०.५१ पिकोफॅरडचा कपॅसिटर. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत हीच राहील.

चिपवर साधा, पॅसिव्ह फिल्टर का बसत नाही?

क्यू, म्हणजे रेझोनेटर ऊर्जा किती कमी गमावतो याचं माप, पुरत नाही म्हणून. फिल्टरच्या मध्य बँडमधला लॉस डीबीमध्ये ढोबळमानाने असा निघतो : ४.३४ गुणिले प्रोटोटाइपच्या जी-मूल्यांची (फिल्टरच्या तक्त्यांतल्या प्रमाणित घटक-मूल्यांची) बेरीज, भागिले सापेक्ष बँडविड्थ आणि रेझोनेटरचा अनलोडेड (बाहेर काही न जोडता असलेला) क्यू यांचा गुणाकार. दोन पोलच्या (दोन रेझोनेटरच्या) बटरवर्थसाठी, म्हणजे सपाट पास बँडच्या फिल्टरसाठी, जी-मूल्यांची बेरीज २.८३ येते. बँडविड्थ २ टक्के आणि क्यू ५०० असेल तर लॉस १.२ डीबी. चिपवरच्या टँकचा क्यू १० धरला तर तोच आकडा ६१ डीबीवर जातो. हे सूत्र कमी लॉसच्या फिल्टरसाठी आहे, त्यामुळे ६१ हा आकडा शब्दशः घेऊ नये. त्याचा अर्थ इतकाच की असा फिल्टर अस्तित्वातच येत नाही. क्यू १० असलेल्या एकट्या रेझोनेटरची बँडविड्थच ५०० मेगाहर्ट्झ असते.

क्यू इतका कमी का, याची दोन कारणं. ५ गिगाहर्ट्झला तांब्यातली स्किन डेप्थ सुमारे ०.९ मायक्रॉन असते, म्हणून जाड धातू वापरूनही फायदा मर्यादित राहतो. दुसरं म्हणजे सर्वसाधारण सीमॉसचा सब्सट्रेट सुमारे १० ओहम-सेंटीमीटरचा असतो आणि कॉइलची ऊर्जा त्यात मुरते. ट्रान्समिशन लाइनचे रेझोनेटर वापरावेत म्हटलं, तर सिलिकॉन ऑक्साइडमध्ये पाव तरंगलांबीच ७.५ मिलीमीटर होते, म्हणजे अख्ख्या चिपपेक्षा मोठी.

सक्रिय फिल्टरलाही क्यू ५०० पर्यंत न्यावा लागतो का?

नाही, आणि इथे बरेच जण नाहक अवघड वाट धरतात. पॅसिव्ह फिल्टरमध्ये बँडविड्थ टोकाच्या ५० ओहमनी ठरते आणि रेझोनेटरचा स्वतःचा लॉस जवळपास शून्य लागतो. सक्रिय फिल्टरमध्ये टँकला ट्रान्सकंडक्टरने (व्होल्टेजचा करंट करणाऱ्या टप्प्याने) करंट द्यायचा आणि बफरने व्होल्टेज उचलायचं. टँकमध्ये उरलेला लॉसच टर्मिनेशनचं काम करतो. एका रेझोनेटरच्या टप्प्याला त्यामुळे क्यू ५० पुरतो आणि दोन पोलच्या बटरवर्थला प्रत्येकी सुमारे ७०. मधला तोटा ट्रान्सकंडक्टरच्या गेनमधून भरून निघतो.

कोणत्या पद्धती आहेत आणि सुरुवात कुठून करावी?

खरा इंडक्टर ठेवून त्याचा लॉस ऋण वाहकतेने (ऊर्जा खाण्याऐवजी परत देणाऱ्या सर्किटने) भरून काढणं, म्हणजे क्यू-वर्धित एलसी. ट्रान्झिस्टर आणि कपॅसिटरमधून इंडक्टर घडवणं, म्हणजे अॅक्टिव्ह इंडक्टर. इंडक्टरशिवाय, इंटिग्रेटरच्या लूपमधून फिल्टर घडवणं, म्हणजे जीएम-सी (जीएम म्हणजे ट्रान्झिस्टरमध्ये दर व्होल्टमागे मिळणारा करंट). घड्याळाने चालवलेले स्विच आणि कपॅसिटर, म्हणजे एन-पाथ. विलंब देऊन सिग्नलच्या प्रती जोडणारे ट्रान्सव्हर्सल आणि रिकर्सिव्ह फिल्टर १९८० च्या दशकापासून गॅलियम आर्सेनाइडवर होत आले आहेत. डिस्ट्रिब्युटेड अॅम्प्लिफायरशी त्यांचं जवळचं नातं आहे आणि रुंद बँडला ते शोभतात.

३ गिगाहर्ट्झच्या वर आणि बँडविड्थ ५ टक्क्यांच्या आत असेल तर आमचा कौल क्यू-वर्धित एलसीला आहे. एक-दोन गिगाहर्ट्झच्या आसपास, केंद्र वारंवारता फिरवायची असेल तर एन-पाथ. बाकीच्या पद्धतींकडे जागेची फारच टंचाई असेल तेव्हाच वळावं.

क्यू-वर्धित टँकचा हिशेब कसा मांडायचा?

आधी संपूर्ण टँकचा क्यू काढा, एकट्या इंडक्टरचा धरून चालत नाही. इंडक्टरचा क्यू १४ आणि ट्यूनिंगच्या स्विचसह कपॅसिटरचा ३५ असेल, तर १/१४ अधिक १/३५ म्हणजे ०.१, म्हणजे टँकचा क्यू १०. सिम्युलेशनमध्ये स्विच आदर्श धरले की हा कपॅसिटरचा वाटा नजरेतून सुटतो आणि पुढचे सगळे आकडे चुकतात.

२ नॅनोहेन्रीची रिअॅक्टन्स ५ गिगाहर्ट्झला ६२.८ ओहम. क्यू १० म्हणजे समांतर रोध ६२८ ओहम, वाहकता १.५९ मिलीसीमेन्स. क्यू ५० हवा तर वाहकता ०.३२ मिलीसीमेन्सवर आणायची, म्हणजे १.२७ मिलीसीमेन्स ऋण वाहकता हवी. क्रॉस-कपल्ड जोडी (एकाचा ड्रेन दुसऱ्याच्या गेटला जोडलेले दोन ट्रान्झिस्टर) उणे जीएम/२ देते, म्हणून प्रत्येक ट्रान्झिस्टरचा जीएम २.५५ मिलीसीमेन्स. करंटच्या दर मिलीअँपिअरला १० मिलीसीमेन्स मिळत असतील तर दोघांचा मिळून अर्धा मिलीअँपिअर. वीज इथे फार लागत नाही. किंमत मोजावी लागते ती नॉइज, रेषीयता आणि ट्यूनिंगमध्ये.

क्यू किती पटीने वाढवणं शहाणपणाचं?

पाच पटीपर्यंत. कारण संवेदनशीलतेत आहे : ऋण जीएम एक टक्का बदलला की क्यू (वाढीची पट वजा एक) टक्के बदलतो. पाच पटीला हा गुणक ४. आपल्या टँकमध्ये ऋण वाहकता मूळ लॉसच्या ८० टक्के आहे. ती ५ टक्क्यांनी वाढली तर क्यू ५० चा ६२ होतो, २५ टक्क्यांनी वाढली तर फिल्टरचा ऑसिलेटर होतो. दहा पटीला हेच अंतर फक्त ११ टक्के उरतं. प्रोसेस, तापमान आणि सप्लाय मिळून जीएम ११ टक्के हलवणं अगदी सहज शक्य आहे.

म्हणून पहिले आठवडे ऋण जीएमच्या सर्किटवर खर्च न करता इंडक्टरवर करा. मूळ क्यू १० चा १५ झाला, तर नॉइज, रेषीयता आणि स्थिरता तिन्ही एकाच वेळी सुधारतात. दुसरी कोणतीही युक्ती एवढं देत नाही.

नॉइज किती वाढतो?

शुद्ध एलसी टँकवरचं एकूण नॉइज व्होल्टेज केटी/सी ने (बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान, भागिले कपॅसिटन्स) ठरतं. ०.५१ पिकोफॅरडला ते सुमारे ९० मायक्रोव्होल्ट आरएमएस येतं. क्यू वाढवल्यावर नॉइजची पॉवर क्यूच्या पटीने वाढते, शिवाय ऋण जीएमचे ट्रान्झिस्टर स्वतःचा नॉइज घालतात. त्यांचा नॉइज-गुणांक १ धरला तर ५ गुणिले १.८, म्हणजे ९ पट पॉवर, तीन पट व्होल्टेज : २७० मायक्रोव्होल्ट.

यातून मार्ग एकच : कपॅसिटर मोठा, इंडक्टर लहान. एल निम्मा आणि सी दुप्पट केला की नॉइज पॉवर निम्मी होते, करंट मात्र दुप्पट लागतो. फिल्टरच्या आधी लो नॉइज अॅम्प्लिफायर असावाच. अँटेनाला थेट जोडलेला सक्रिय फिल्टर रिसीव्हरची संवेदनशीलता खाऊन टाकतो.

मोठा सिग्नल आला तर काय होतं?

क्रॉस-कपल्ड जोडीचा जीएम सिग्नलच्या उंचीबरोबर कमी होतो आणि तोच गुणक ४ इथेही लागू पडतो. ओव्हरड्राइव्ह (उंबरठ्याच्या वरचं गेट व्होल्टेज) ०.२ व्होल्ट असलेल्या जोडीत, ट्रान्झिस्टरचा वर्ग-नियम धरून, टँकवर ०.१ व्होल्टचा पीक आला की सरासरी जीएम २.३ टक्के घटतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण क्यू ५० चा ४६ होतो आणि गेन ०.८ डीबी पडतो. १ डीबी कॉम्प्रेशन सुमारे ०.११ व्होल्ट पीकला, म्हणजे ८० मिलीव्होल्ट आरएमएसला येतं. २७० मायक्रोव्होल्टच्या नॉइजशी तुलना केली की डायनॅमिक रेंज निघते साधारण ४९ डीबी.

पास बँडच्या जवळचा अडथळा देणारा सिग्नलही हेच करतो. हव्या असलेल्या सिग्नलचा गेन त्याच्यामुळे पडतो आणि बँडचा आकार बदलतो. उपाय म्हणजे ओव्हरड्राइव्ह वाढवणं किंवा सोर्स डिजनरेशन (सोर्समध्ये रोध घालणं). दोन्हींत त्याच जीएमला जास्त करंट लागतो. फार कमी बायसवर चालणाऱ्या क्लास-एबी जोड्या टाळा. त्यांचा जीएम सिग्नलबरोबर वाढू शकतो, आणि मग मोठा सिग्नल आल्यावर फिल्टर दोलायला लागतो.

अॅक्टिव्ह इंडक्टर जागा वाचवतो, मग तोच का नको?

जागा खरोखर वाचते. जायरेटरची (कपॅसिटरला इंडक्टरसारखं वागायला लावणाऱ्या सर्किटची) कल्पना डच अभियंते टेलेजेन यांनी १९४८ मध्ये मांडली, आणि तिच्यातून मिळणारा इंडक्टन्स म्हणजे कपॅसिटन्स भागिले दोन जीएमचा गुणाकार. दोन्ही जीएम ५ मिलीसीमेन्स आणि ५० फेम्टोफॅरड घेतले की २ नॅनोहेन्री तयार, तेही ट्रान्झिस्टरच्या गेट कपॅसिटन्समधूनच. खरा कॉइल घेतला तर २०० मायक्रॉन व्यासाची जागा जाते.

पण खऱ्या कॉइलमध्ये ऊर्जा चुंबकीय क्षेत्रात साठते आणि फक्त लॉस भरून काढावा लागतो. जायरेटरमध्ये रेझोनन्सचा सगळाच करंट ट्रान्झिस्टरमधून वाहतो, म्हणून त्यांचा नॉइज आणि अरेषीयता पूर्णपणे सिग्नलवर बसते. क्यू जितका जास्त, तितकं हे नुकसान जास्त. रुंद बँडच्या अॅम्प्लिफायरमध्ये पीकिंगसाठी अॅक्टिव्ह इंडक्टर उत्तम. २ टक्क्यांच्या फिल्टरसाठी आम्ही तो सुचवत नाही.

जीएम-सी फिल्टर गिगाहर्ट्झला का बिघडतात?

फेजमुळे. दोन इंटिग्रेटरच्या लूपमध्ये प्रत्येकी थोडी जादा फेज मागे पडली की १/क्यू मधून तिच्या दुप्पट रेडियन वजा होतात. क्यू २० चा फिल्टर घ्या : १/क्यू ०.०५. प्रत्येक इंटिग्रेटरमध्ये १ अंश जादा फेज आली तर उरतात ०.०१५, म्हणजे क्यू ६६. साधारण १.४ अंशांना दोलन सुरू. ५ गिगाहर्ट्झला १ अंश म्हणजे अर्ध्या पिकोसेकंदाहून थोडा जास्त विलंब. एवढा विलंब तारांमध्येच निघतो.

एन-पाथ फिल्टर कधी घ्यावा?

केंद्र वारंवारता घड्याळाने ठरावी आणि ट्यूनिंगचा प्रश्नच उरू नये, असं हवं असेल तेव्हा. कल्पना १९६० ची आहे. नॅनोमीटर सीमॉसचे वेगवान स्विच आल्यावर ती रेडिओच्या वारंवारतांवर वापरात आली. चार मार्ग, २५ टक्के ड्यूटीची एकमेकांवर न चढणारी घड्याळं आणि चार कपॅसिटर. बँडविड्थ = १ ÷ (π × मार्गांची संख्या × सोर्स रोध × कपॅसिटर). ५० ओहम आणि प्रत्येकी ५० पिकोफॅरडला ती ३२ मेगाहर्ट्झ येते.

चार मर्यादा आधीच माहीत असाव्यात. बँडबाहेरचं दमन स्विचच्या रोधाने अडतं : ५ ओहमचा स्विच आणि ५० ओहमचा सोर्स असेल तर २१ डीबीच्या पलीकडे जात नाही. चार मार्गांच्या फिल्टरमध्ये तिसऱ्या आणि पाचव्या हार्मोनिकजवळचे सिग्नल थेट पास बँडमध्ये दुमडून येतात, म्हणून आधी लो-पास लागतो. घड्याळाचा काही अंश अँटेनाकडे गळतो. आणि भाजक वापरून चार फेज काढायच्या तर मूळ घड्याळ सहसा चौपट वारंवारतेचं लागतं, म्हणजे ५ गिगाहर्ट्झच्या फिल्टरला २० गिगाहर्ट्झ. घड्याळांच्या कडा एकमेकांवर चढल्या तर दोन कपॅसिटर क्षणभर जोडले जातात, त्यांचा चार्ज वाटला जातो आणि क्यू व गेन दोन्ही कोसळतात. अशा वेळी लोक स्विचच्या आकारात दोष शोधत बसतात. आधी घड्याळाच्या कडा तपासा.

ट्यूनिंगशिवाय चालेल का? आणि ट्यूनिंग नेमकं कसं करायचं?

अजिबात चालणार नाही. कपॅसिटर १० टक्के वर गेला तर ५ गिगाहर्ट्झचा फिल्टर ४.७७ वर बसतो, १० टक्के खाली आला तर ५.२७ वर. आपला बँड आहे १०० मेगाहर्ट्झचा. म्हणून ट्यूनिंग कसं होणार हे ठरल्याशिवाय फिल्टरचा नकाशा काढूच नये.

केंद्र वारंवारतेची चूक बँडविड्थच्या दहाव्या हिश्शात, म्हणजे १० मेगाहर्ट्झमध्ये ठेवायची तर कपॅसिटर ०.४ टक्क्याच्या पायरीने, म्हणजे २ फेम्टोफॅरडने हलवता यायला हवा. एकूण टप्पा १५० फेम्टोफॅरड धरला तर ७५ पायऱ्या, म्हणजे ७ बिट. वरचे बिट स्विच केलेल्या कपॅसिटरांचे, खालचे लहान व्हॅरॅक्टरचे (व्होल्टेजने बदलणाऱ्या कपॅसिटरचे) ठेवा. सगळं काम एका मोठ्या व्हॅरॅक्टरवर टाकलं तर सिग्नल स्वतःच कपॅसिटन्स हलवतो. स्विचचा आकारही हिशेबाने ठरवा : ५० फेम्टोफॅरडची रिअॅक्टन्स ६३७ ओहम, त्यामुळे १८ ओहमचा स्विच क्यू ३५ वर आणतो. स्विच मोठा केला तर क्यू वाढतो, पण बंद असतानाचा त्याचा कपॅसिटन्स ट्यूनिंगचा टप्पा खातो.

स्वतःच्याच टँकला ऑसिलेटर बनवून केलेलं ट्यूनिंग सर्वांत भरवशाचं :

१. इनपुट तोडा. शेजारच्या रेझोनेटरची वारंवारता दूर सरकवा आणि त्याची ऋण जीएम बंद करा. हे विसरलात तर जोडलेल्या दोन रेझोनेटरची फुटलेली वारंवारता मोजली जाईल.

२. ऋण जीएमचे सेल एकेक चालू करत दोलन जेमतेम सुरू होईल तिथे थांबा. उंची वाढू दिली तर ट्रान्झिस्टरच्या अरेषीय कपॅसिटन्समुळे वारंवारता सरकते.

३. १६ ने भागून १० मायक्रोसेकंद मोजा. बारकावा १.६ मेगाहर्ट्झ मिळतो, तो पुरेसा आहे.

४. कपॅसिटर बँकेचा कोड बदलून वारंवारता जागेवर आणा. कोड बदलला की टँकचा लॉसही बदलतो, म्हणून पायरी २ पुन्हा करा.

५. आता सेल कमी करा. उंबरठा ५० सेलवर असेल तर ४० ठेवा : ८० टक्के, क्यू ५०. करंट ८० टक्के करणं आणि सेल ८० टक्के करणं यांत फरक आहे. जीएम करंटच्या प्रमाणात बदलेलच असं नाही, एकसारख्या सेलचं गुणोत्तर मात्र प्रोसेस कशीही असली तरी टिकतं.

हे सगळं एकदा करून भागत नाही. २५ अंशांना ट्यून केलेली आपली टँक उणे ४० अंशांवर न्या. धातूचा रोध सुमारे २५ टक्के घटतो. इंडक्टरचा सगळा लॉस धातूचाच धरला तर टँकचा १/क्यू ०.१ वरून ०.०८२ वर येतो, आणि त्यातले ०.०८ ऋण जीएम आधीच भरते आहे. क्यू ५०० च्या आसपास, म्हणजे दोलनाच्या काठावर. थंडीत जीएम स्वतःही वाढतो. म्हणून तापमानासोबत वाढणारा बायस करंट आणि ठरावीक काळाने पुन्हा ट्यूनिंग, दोन्ही लागतात.

लेआउटमध्ये सर्वाधिक काय बिघडतं?

कॉइलला जोडणाऱ्या तारा. १०० मायक्रॉनची तार ढोबळमानाने ०.०७ नॅनोहेन्री धरते. २ नॅनोहेन्रीत ती ३.५ टक्के, म्हणजे केंद्र वारंवारता ८५ मेगाहर्ट्झने सरकली. जवळपास आख्खा बँड गेला. टँकमधली प्रत्येक तार कॉइलसह एकत्र विद्युतचुंबकीय सिम्युलेशनमध्ये घ्या. फक्त कॉइलचं मॉडेल आणि तारांसाठी आरसी एक्स्ट्रॅक्शन, हा जोड पुरत नाही, कारण त्यात तारांचा इंडक्टन्स येतच नाही.

दुसरं, दोन कॉइलमधलं नको असलेलं कपलिंग. २ टक्क्यांच्या दोन पोल बटरवर्थला कपलिंग गुणांक ०.०१४ लागतो. जवळजवळ ठेवलेल्या दोन कॉइलमध्ये ०.०१ सहज निघतो. तो मुद्दाम केलेल्या कपलिंगमध्ये मिळतो किंवा त्यातून वजा होतो, आणि बँडविड्थ भलतीच येते. कॉइलमध्ये किमान एका व्यासाचं अंतर ठेवा किंवा इंग्रजी आठच्या आकाराचे कॉइल वापरा. मुद्दाम ठेवलेला कपलिंग कपॅसिटर या उदाहरणात फक्त ७ फेम्टोफॅरडचा असतो, तारांमधला कपॅसिटन्सही त्याच मापाचा. त्यामुळे कपलिंग ट्रान्सकंडक्टरने करणं किंवा चुंबकीय कपलिंगच मोजून वापरणं जास्त बरं.

कॉइलभोवतीची गार्ड रिंग एका जागी तोडलेली हवी, बंद रिंगमध्ये उलटा करंट वाहतो आणि इंडक्टन्स व क्यू दोन्ही घटतात. फाउंड्रीचं आपोआप भरलं जाणारं डमी मेटल कॉइलखालून आणि भोवतालून वगळा. घनतेचा नियम आड आला तर बारीक तुकडे स्वतः बसवा आणि त्यांच्यासह सिम्युलेशन करा.

स्थिरतेसाठी के-फॅक्टर पाहिला, एकापेक्षा जास्त आहे. पुरे?

नाही. रॉलेटचा के, म्हणजे अॅम्प्लिफायरच्या स्थिरतेचा नेहमीचा निकष, दोन पोर्टवरून पाहतो आणि सर्किट आतून स्थिर आहे हे गृहीत धरतो. क्यू-वर्धित फिल्टरमध्ये नेमकं तेच सिद्ध करायचं असतं. आतल्या प्रत्येक टँकवर लहान करंटचा धक्का देऊन ट्रान्झियंट चालवा आणि उंची विरते का पाहा. पोल काढता आले तर सगळे कॉर्नर (प्रोसेस, तापमान आणि सप्लायची टोकं) आणि मॉन्टे कार्लोसह (यादृच्छिक फरकांसह) काढा. कॉमन मोड (दोन्ही बाजूंवर सारखाच येणारा सिग्नल) वेगळा तपासा, तोही सप्लाय आणि ग्राउंडमध्ये बाँड वायर घालून : १ नॅनोहेन्री म्हणजे ५ गिगाहर्ट्झला ३१ ओहम, आणि त्या ३१ ओहमवर इनपुट टप्पा व फिल्टर एकमेकांशी बोलतात.

सॉ किंवा बॉ (ध्वनिलहरींवर चालणाऱ्या) फिल्टरची जागा हा घेऊ शकेल का?

अँटेनाजवळ नाही. त्यांचा क्यू हजाराच्या घरात असतो आणि त्यांना बायस लागत नाही. लो नॉइज अॅम्प्लिफायर आणि मिक्सरच्या मधलं इमेज दमन (मिक्सरमधून हव्या सिग्नलवर येऊन पडणाऱ्या नको त्या वारंवारतेचं दमन), किंवा चिपच्या बाहेर जाऊन परत येणं परवडत नाही अशा अॅरे रिसीव्हरमध्ये सक्रिय फिल्टरचं खरं स्थान आहे.

कोणती प्रोसेस?

निवड हाती असेल तर जाड वरचा धातू आणि उच्च रोधाचा एसओआय (इन्सुलेटरवर सिलिकॉन) सब्सट्रेट. गॅलियम आर्सेनाइडवर इंडक्टरचा क्यू चांगला मिळतो, पण ट्यूनिंगसाठी लागणारं डिजिटल सर्किट तिथे बसवणं कठीण.

चिप हातात आली. मोजणी कोणत्या क्रमाने?

पहिल्यांदा स्पेक्ट्रम अॅनालायझर, नेटवर्क अॅनालायझर नंतर. इनपुटला ५० ओहम लावून ऋण जीएमचा कोड शून्यापासून वाढवत उंबरठा शोधून ठेवा. दोलणाऱ्या फिल्टरचा नेटवर्क अॅनालायझरवरचा आलेख कधी कधी अगदी देखणा, टोकदार फिल्टरसारखा दिसतो आणि त्यावर विश्वास बसतो.

मग कॅलिब्रेशन प्रोबच्या टोकापर्यंत, आणि पॅडचा परिणाम ओपन-शॉर्ट रचनांनी वजा. इनपुट पॉवर −४० डीबीएम किंवा कमी. तोच आलेख आणखी १० डीबी खाली घेऊन पाहा : आकार बदलला तर पहिला आलेख कॉम्प्रेशनमधला होता. डिफरेन्शियल फिल्टर बाह्य बॅलनने (एकेरी सिग्नलचा डिफरेन्शियल करणाऱ्या घटकाने) मोजला तर बॅलनचं असंतुलन बँडबाहेरच्या दमनात मिसळतं, त्यामुळे शक्य तिथे चार पोर्टची मोजणी करा. नॉइज फिगर मोजताना यंत्राची बँडविड्थ फिल्टरच्या बँडहून बरीच लहान ठेवा आणि केंद्राबरोबरच दोन्ही कडांवरही मोजा. कडांवर फिल्टरचा गेन कमी असतो, त्यामुळे पुढच्या टप्प्यांचा नॉइज तिथे जास्त उठून दिसतो.